हवेतून जाणारा मजकूर आणि त्याचे कुलूप : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतील बरीच पत्रे एकाच काळजीपोटी लिहिलेली आहेत : मोबाइलवरून किंवा वायफायवरून आपण जे खासगी लिहितो, ते वाटेत कोणी वाचते का? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी शाळेत जाण्यासाठी रोज रेल्वेने प्रवास करते. स्थानकावरचे मोफत वायफाय ओटीपी टाकल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी ते सुरक्षित समजत आले. माझे एक सहकारी मात्र सांगतात की, त्या वायफायवर व्हॉट्सअॅपचे मेसेज शेजारी बसलेला माणूससुद्धा वाचू शकतो. यातले खरे काय? — एक शिक्षिका, कल्याण

उत्तर : आपली समजूत आणि सहकाऱ्यांचा इशारा, दोन्ही अर्धेच बरोबर आहेत. मोबाइल क्रमांक देऊन मागवलेला ओटीपी हा आपली ओळख नोंदवण्यासाठी असतो. आपला मजकूर झाकण्याशी त्याचा काही संबंध नसतो. अशी मोफत केंद्रे बहुधा खुली असतात, म्हणजे आपला फोन आणि छताला लावलेले यंत्र यांच्यामधल्या लहरींवर वायफायचे स्वतःचे कूटलेखन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करण्याची सोय) नसते, आणि तेवढ्या अंतरात बसलेल्या कोणालाही साध्या लॅपटॉपवर त्या लहरी उतरवून घेता येतात. रेडिओलहरींचे दवंडीसारखे आहे. ती एकाच घरी ऐकू जावी अशी पिटता येत नाही. बिनतारी संदेशांच्या अगदी सुरुवातीच्या काळातच हे लक्षात आले होते. ठरावीक तरंगलांबीवर जुळवलेले आपले संदेश खासगी राहतात, असे मार्कोनी सांगत असत. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कॉर्नवॉलहून येणारा त्यांचा संदेश श्रोत्यांसमोर उतरवून घेण्याची तयारी चालू असताना नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने जवळच उभारलेल्या प्रक्षेपकावरून त्या यंत्रात स्वतःचाच टिंगलीचा मजकूर घुसवला आणि हा दावा सर्वांदेखत खोटा पाडला.

लहरी लपवता येत नाहीत. लपवता येतो तो त्यांच्यातला मजकूर. त्यासाठी दोन निरनिराळी कुलपे असतात आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंतील फरकात आहे. एक कुलूप वायफायचे, जे फोनपासून राउटरपर्यंतच टिकते आणि तेथे उघडले जाते. दुसरे कुलूप अॅपचे किंवा संकेतस्थळाचे असते. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. त्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधले राउटर, रेल्वेचे नेटवर्क आणि खुद्द कंपनीचे सर्व्हर यांच्या हाती बंद पाकीटच लागते. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन फोनकडे एकच गुप्त किल्ली येते तरी कशी, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये त्याचे उत्तर दिले : दोन्ही बाजू उघडपणे काही संख्यांची देवाणघेवाण करतात, प्रत्येक बाजू स्वतःजवळची एक संख्या गुप्त ठेवते, आणि गणिताअंती दोघांच्या हाती एकच किल्ली येते, मात्र ती सारी देवाणघेवाण पहिल्या अक्षरापासून ऐकणाऱ्याला ती किल्ली काढणे व्यवहारात अशक्य असते. मला स्वतःला ही गेल्या शतकातील सर्वांत विलक्षण कल्पनांपैकी एक वाटते, आणि आज आपला व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक मेसेज तिच्याच आधाराने सुरक्षित राहतो.

म्हणून शेजारी बसलेला माणूस आपले व्हॉट्सअॅपचे मेसेज वाचू शकत नाही. बँकेचे अॅप आणि ज्या संकेतस्थळांचा पत्ता एचटीटीपीएसने (https) सुरू होतो ती संकेतस्थळे यांचाही मजकूर वाटेत बंद असतो. हे नेहमीच असे नव्हते. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या छोट्या साधनाने दाखवून दिले होते की, खुल्या वायफायवर बसून दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरायला एक क्लिक पुरेसा आहे, कारण त्या काळी बहुतेक संकेतस्थळे फक्त लॉगिनचे पान झाकत आणि पुढचे सारे उघड्यावर पाठवत. आज ती स्थिती राहिलेली नाही, पण सहकाऱ्यांच्या मनातली भीती त्या काळातली असावी.

तरीही दोन गोष्टी उरतात. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलात, केव्हा गेलात आणि किती माहितीची ये-जा झाली, हे वायफाय चालवणाऱ्याला बहुधा दिसते. तेथे काय लिहिले, हे दिसत नाही. दुसरे असे की, स्थानकाच्या वायफायचेच नाव देऊन कोणीही स्वतःचे यंत्र सुरू करू शकतो आणि आपला फोन नाव ओळखून आपोआप त्याला जोडला जातो. अशा बनावट जागी ‘या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही’ अशी सूचना आली, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण कधीही दाबू नये. ती सूचना म्हणजे बहुधा मध्ये कोणीतरी उभे असल्याची खूण असते. काम झाल्यावर ते नेटवर्क फोनच्या यादीतून काढून टाकावे आणि आपोआप जोडले जाण्याची सोय बंद ठेवावी.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या क्लबहाउसमध्ये सभासदांसाठी वायफाय बसवले आहे. पासवर्ड सर्वांच्या लक्षात राहावा म्हणून माझाच मोबाइल क्रमांक ठेवला असून तो सूचना फलकावर लावला आहे. वायफायचे नाव लपवले, ठरावीक फोनच जोडले जातील अशी व्यवस्था केली, तर हे पुरेसे होईल का? — एक सचिव, ठाणे

उत्तर : स्पष्टपणे सांगतो, पुरेसे होणार नाही, आणि सर्वांत आधी बदलायला हवा तो पासवर्ड.

आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा दिसतो, पण वायफायवर हल्ला करणारा आपल्या दारात उभा राहून एकेक पासवर्ड टाकून पाहत नाही. फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये जी चार टप्प्यांची ओळखपरेड होते, ती तो एकदा टिपून घेतो आणि घरी जाऊन संगणकावर पासवर्ड पडताळत बसतो. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासते, म्हणजे ४०० कोटी शक्यता संपायला काही तास पुरतात. २०२१ मध्ये तेल अवीवमधील एका संशोधकाने शहरात फिरून ५,००० वायफाय नेटवर्कची अशी माहिती गोळा केली आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. लोकांना आपला मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय आहे, हा त्याच्या यशाचा मुख्य आधार होता. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. प्रसिद्ध अभंगाची ओळ, देवाचे नाव आणि त्यापुढे वर्ष, संस्थेचे नाव, हे सारे टाळावे.

नाव लपवल्याने फार काही साधत नाही, कारण जोडलेले फोन ते नाव स्वतःच हवेत उच्चारत असतात. ठरावीक फोनच जोडू देण्याची व्यवस्था त्या फोनच्या मॅक क्रमांकावर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावर, चालते आणि तो क्रमांक प्रत्येक लहरीबरोबर उघडा जातो. तो पाहून स्वतःच्या यंत्राला तोच क्रमांक देणे सोपे असते. या दोन गोष्टींवर खर्च होणारा वेळ राउटरच्या सुरक्षा प्रकाराकडे द्यावा. तेथे डब्ल्यूईपी असेल, तर तो राउटर बदलणे हाच उपाय आहे. १९९७ मध्ये आलेली ही पद्धत २००१ मध्ये मोडली आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाटच्या संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडून दाखवली. डब्ल्यूपीए-२ ही २००४ पासूनची पद्धत अजूनही कामाची आहे. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी तिच्यातील ‘क्रॅक’ नावाने गाजलेला दोष उघड केला, तो सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने दूर होतो. म्हणून राउटरचे आणि फोनचे अपडेट पुढे ढकलू नयेत. डब्ल्यूपीएस नावाची बटणाने किंवा आठ अंकी पिनने जोडण्याची सोय बंदच करावी, कारण ते आठ अंक यंत्र दोन तुकड्यांत तपासते आणि त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांतच पिन सापडतो, हे २०११ मध्येच सिद्ध झाले आहे.

सूचना फलकाबद्दल वेगळे सांगायला हवे. डब्ल्यूपीए-२ मध्ये ज्याला सामाईक पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने दुसऱ्याची ओळखपरेड टिपली आहे, तो त्या दुसऱ्याच्या लहरींवरचे वायफायचे कुलूप उघडू शकतो. म्हणजे फलकावर पासवर्ड लावताच सभासदांमधला हा पडदा गेला. मग अॅपचे आणि एचटीटीपीएसचे कुलूप तेवढे उरते. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही उणीव दूर केली आहे आणि टिपलेल्या ओळखपरेडीवरून घरी बसून पासवर्ड शोधण्याचा मार्गही तिने बंद केला आहे. नवा राउटर घेणार असाल, तर ती सोय पाहूनच घ्यावा.

हा केवळ काही सभासदांच्या खासगीपणाचा प्रश्न नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे जो धमकीचा ई-मेल पाठवला गेला, तो नवी मुंबईत सानपाड्यातील एका घराचे पासवर्ड नसलेले वायफाय वापरून पाठवला गेला होता. त्याच वर्षी माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे वायफायही असेच वापरले गेले. ज्यांचा काहीही संबंध नव्हता अशा लोकांच्या दारी तपास पोहोचला. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना दिल्या. वर कल्याणच्या वाचक ज्या ओटीपीविषयी लिहितात, त्याचे मूळ तेथे आहे. आपल्या संस्थेनेही सभासदांचे आणि पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवावे, हे इष्ट.

प्रश्न : मोफत व्हीपीएन अॅप घेतले, म्हणजे सगळे मेसेज सुरक्षित होतात का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. व्हीपीएन आपली सारी वाहतूक कुलूपबंद करून आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेते. त्यामुळे वायफाय चालवणाऱ्याला आपण कोठे जातो हे दिसेनासे होते, पण तीच माहिती आता व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसते. म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकला, एवढेच झाले. शिवाय सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवणे अपेक्षित आहे. महाविद्यालयाच्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या अंतर्गत व्यवस्थेत बाहेरून शिरण्यासाठी तिथला अधिकृत व्हीपीएन जरूर वापरावा. एरवी, ज्याच्या उत्पन्नाचा मार्ग कळत नाही अशा मोफत सेवेतून स्वतःची सारी वाहतूक नेण्यापेक्षा स्वतःच्या मोबाइल डेटावर राहणे बरे.

प्रश्न : बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो. वायफाय बंद असले, म्हणजे तो सुरक्षितच, असे मी मानतो. हे बरोबर आहे का? — एक निवृत्त कर्मचारी, नाशिक

उत्तर : वायफाय बंद केल्याने एसएमएस सुरक्षित होत नाही; तो मुळात दुसऱ्याच वाटेने येतो, आणि ती वाट जुनी आहे. टू-जी मोबाइल सेवेत लहरी झाकण्यासाठी १९८७ च्या सुमारास तयार झालेली ए-५/१ ही पद्धत वापरली गेली. २००९ मध्ये कार्स्टन नोल यांनी ती फोडण्याची तयार कोष्टकेच जगापुढे ठेवली. टू-जीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे : टॉवर फोनची ओळख पटवून घेतो, पण फोन टॉवरची ओळख विचारत नाही. त्यामुळे कोणीही बनावट टॉवर उभा केला, तर फोन त्याला जोडला जातो. थ्री-जीपासून दोन्ही बाजूंची ओळख पटवली जाऊ लागली. अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून अनेक फोनमध्ये टू-जी बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. आपल्या भागात फोर-जी चांगले मिळत असेल, तर ती वापरावी. आणीबाणीचे कॉल तरीही लागतात.

टॉवरच्या पलीकडे मात्र एसएमएस कंपनीच्या यंत्रणेत उघडाच असतो. निरनिराळ्या देशांतील मोबाइल कंपन्या एसएस-७ या १९७० च्या दशकातील व्यवस्थेने एकमेकींशी बोलतात आणि त्या व्यवस्थेत समोरचा खरा आहे की नाही, हे तपासण्याची मुळात तरतूदच नव्हती. २०१७ मध्ये जर्मनीत गुन्हेगारांनी ग्राहकांचे बँकेचे पासवर्ड आधी फसवून मिळवले, मग एसएस-७ च्या मार्गाने त्यांचे ओटीपी स्वतःकडे वळवले आणि खात्यांतून पैसे काढले.

आपल्यासारख्या ग्राहकाला याहून जवळचा धोका आहे तो आपल्या नावावर दुसरेच सिम काढले जाण्याचा, आणि त्याहूनही जवळचा, गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या फोनचा. फोनचे नेटवर्क कारण नसताना अचानक गेले आणि तासाभरात आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग मोबाइल कंपनीला कळवावे. पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे उशीर जितका कमी, तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता अधिक. जेथे बँक अॅपमधूनच मंजुरी देण्याची सोय करते, तेथे एसएमएसपेक्षा ती निवडावी.

प्रश्न : मी बहिणीला व्हॉट्सअॅपवर जे लिहिते, ते घरातील एका व्यक्तीला कळते, असे अनेकदा जाणवले आहे. घरचे वायफाय त्यांच्या नावावर आहे. त्यावरून ते माझे मेसेज वाचत असतील का? — एक वाचक भगिनी, विदर्भ

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. राउटर त्यांच्या ताब्यात असला, तरी त्यावरून व्हॉट्सअॅपचा मजकूर वाचता येत नाही. मेसेज खरोखरच बाहेर जात असतील, तर ते वाटेत फुटत नसून टोकाला, म्हणजे आपल्या किंवा बहिणीच्या फोनवर, फुटत असणार.

सर्वांत संभवनीय कारण म्हणजे जोडलेले दुसरे साधन. व्हॉट्सअॅप फोनशिवाय आणखी चार साधनांवर चालू ठेवता येते, आणि ज्याला आपला फोन मिनिटभर उघडा मिळाला, तो आपले खाते स्वतःच्या लॅपटॉपवर जोडू शकतो. मग आपले मेसेज रीतसर त्या साधनावरही पोहोचतात. अॅपच्या सेटिंगमधील ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या यादीत ती सारी दिसतात आणि तेथूनच काढता येतात. दुसरी जागा बॅकअपची. गूगल खात्यावर जाणारा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड कुलूपबंद नसतो. २०२१ पासून ती सोय आली आहे, पण ती स्वतः सुरू करावी लागते आणि तिचा पासवर्ड विसरल्यास बॅकअप कोणालाच उघडता येत नाही. आपल्या गूगल खात्याचा पासवर्ड घरात आणखी कोणाला माहीत आहे का, हेही पाहावे. तिसरे, फोनमध्ये आपल्याखेरीज आणखी कोणाच्या बोटाचा ठसा नोंदलेला नाही ना, आणि बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसत नाही ना, हे तपासावे. आपण न घेतलेले एखादे अॅप, विशेषतः ज्याला पडदा वाचण्याची परवानगी आहे असे, सापडले, तर तेही कारण असू शकते. हे सारे बहिणीच्या फोनवरही पाहायला हवे.

एक सूचना मात्र मनापासून करतो. घरात दरडावणी किंवा मारहाणीची भीती असेल, तर सापडलेले साधन लगेच काढून टाकू नये, कारण ते काढल्याचे समोरच्याला कळते. आधी माहेरच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून, जो त्या व्यक्तीच्या हाती कधी आला नाही अशा फोनवरून, मदत मिळवावी. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

प्रश्न : माझ्या मित्राच्या चॅटमध्ये ‘सिक्युरिटी कोड बदलला’ अशी ओळ अचानक आली. कोणी आमच्या मध्ये शिरले आहे का? टेलिग्रामवर गेलो तर हे टळेल का? — एक वकील, पणजी

उत्तर : बहुतेक वेळा याचे कारण साधे असते : मित्राने नवा फोन घेतला किंवा अॅप पुन्हा बसवले, म्हणजे त्याची किल्ली नवी झाली. पण ही ओळ निरर्थक नाही. कोणाची किल्ली कोणती, हे आपल्या फोनला कंपनीचा सर्व्हर सांगतो. त्याने मित्राच्या नावाखाली तिसऱ्याची किल्ली दिली, किंवा कोणी मित्राचा क्रमांक बळकावून नव्या फोनवर खाते सुरू केले, तरीही नेमकी हीच ओळ दिसेल. म्हणून पक्षकारासंबंधी लिहिण्यापूर्वी मित्राला फोन करून विचारावे आणि शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष भेटीत दोघांच्या पडद्यावरील ६० अंकी कोड, जो दोघांच्या किल्ल्यांवरून बनतो, पडताळून पाहावा. ते अंक जुळले, तर मध्ये कोणी नाही. आपण दोघांनीही टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवला, तर क्रमांक बळकावूनही खाते सुरू करणे अवघड होते.

टेलिग्रामविषयी अनेकांचा गैरसमज आहे. तेथील नेहमीचे चॅट एंड-टू-एंड कुलूपबंद नसतात. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि त्यांच्या किल्ल्याही कंपनीकडे असतात. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू केले तरच ते कुलूप लागते आणि गटांसाठी ती सोयच नाही. आपल्या व्यवसायाला सिग्नल हे मेसेजचे अॅप अधिक योग्य ठरेल. व्हॉट्सअॅपची कूटपद्धती सिग्नलचीच आहे, पण कोण कोणाशी केव्हा बोलले याची नोंद सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्रँड ज्युरीच्या (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) समन्सला उत्तर देताना त्या संस्थेला खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढ्या दोनच गोष्टी देता आल्या, कारण तिच्याकडे दुसरे काही नव्हतेच. सिग्नलवरही कोड बदलल्याची ओळ येते आणि तेथेही ती याच रीतीने पडताळून घ्यावी लागते.